आम्ही हिवाळाभर डोळे भरत होतो

मंडळी, आज कितीतरी दिवसांनी घरात मोठ्यानं हसलो.

इतिहास शिकणारी एक मुलगी सकाळी आली होती. सत्तरच्या दशकात सावनेरजवळच्या आमच्या गावात तरुण शेतकरी मंडळ होतं, पोरांना सुधारलेली शेती शिकवणारं. त्याचा इतिहास ती लिहिते आहे.

तिच्याजवळ जुन्या हजेरीपटातली अकरा नावं होती. एकेक नाव वाचून ती माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "गेला." अकरावं नाव माझं. ते तिनं वाचलंच नाही.

मग विचारलं, "काका, मंडळात तुम्ही करत काय होता?"

"हिवाळाभर डोळे भरत होतो वं!"

तिचा पेन थांबला. हळूच म्हणाली, "सगळेच? असं काय झालं होतं?"

मले हसूच फुटलं. संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे इवलासा कोंब, चाकूनं काढायचा, जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत बसवून बांधायचा. कलम करायच्या या कामाला डोळा भरणं म्हणतात. समजावल्यावर तीही हसली, जरा उशिरानं.

ती गेल्यावर फोन घेतला. आमचा सेक्रेटरी दादाराव, त्याले सांगावं म्हटलं, "अबे, पोरगी म्हणते आपण रडत होतो!"

नंबर काढला आणि आठवलं. यादीतलं दुसरं नाव त्याचंच होतं. सकाळी मीच म्हटलं होतं, "गेला."

ज्याला हा विनोद समजावून सांगावा लागला नसता, असं तुमच्यात कोणी आहे का? असाल तर खाली नुसतं "हजर" लिहा.