अंदाजाने लिहिलेली हेडर फाइल

त्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार माझ्या स्क्रीनवर एकच तक्रार होती: फाइल सापडत नाही.

मी चिंचवडमधल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामिंग करते. सोसायटीच्या तळमजल्यावर ऑफिस आहे आणि आम्ही सात माणसं. कारखान्यांतल्या तपासणीच्या मशिनांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हाचं काम चाकणच्या एका कारखान्याचं होतं. तिथे पंपाचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग बनतात, आणि प्रत्येक भाग गळतो का हे बघणारं एक मशीन आहे. भागाची सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, थोडं थांबायचं आणि दाब उतरतो का ते पाहायचं. उतरला तर भाग गळका.

मशीनमधलं दाब मोजणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड जुनं होतं. ते चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सी भाषेत लिहिलेली, आणि ती लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलेली. कारखान्याला नवा प्रोग्राम पायथन भाषेत हवा होता. एका भाषेतली लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरायची तर मध्ये दुभाष्या लागतो. तो हाताने लिहीत बसलं तर फार वेळ जातो, म्हणून तो आपोआप तयार करून देणारं एक टूल आम्ही वापरतो. टूल लायब्ररीची हेडर फाइल वाचतं. लायब्ररीत काय काय आहे, तिला काय द्यायचं, ती काय परत देते, हे सगळं हेडरमध्ये सांगितलेलं असतं. पण एक हेडर दुसरीचा हवाला देते, दुसरी तिसरीचा. त्यातली एक जरी मिळाली नाही तरी टूल तिथेच थांबतं.

सुरुवातीला ज्या फाइली मिळेनात त्या खरं म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरवर होत्या. त्या कुठे शोधायच्या एवढंच टूलला माहीत नव्हतं. रस्ता दाखवला, तक्रारी गेल्या. दोन तासांत एवढं झालं म्हणून मी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. चहा संपवून परत बसले तर नवी तक्रार. या वेळी फाइल लायब्ररीची स्वतःची होती. मुख्य हेडर तिचं नाव घेत होती, पण ती कुठेच नव्हती. कारखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर नाही, कपाटातल्या सीडींवर नाही, जुन्या ईमेलमध्येही नाही.

मला एका जागी बसवत नाही, हे लहानपणापासूनचं. काही अडलं की मी उठते, बाटली भरून आणते, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारते, परत येऊन तोच हुकूम पुन्हा चालवते, जणू मधल्या काळात फाइल आपणहून घरी आली असेल. त्या चार दिवसांत मी किती बाटल्या भरल्या याची गणती नाही.

गुरुवारी आमच्या कंपनीचे मालक, सर, माझ्या टेबलापाशी आले. "काय अडलंय?"

"एक हेडर मिळत नाहीये."

"चार दिवस हेच ऐकतोय. सोमवारी चाकणला मशीन सुरू करून द्यायचंय, शब्द दिलाय मी."

सर वाईट नाहीत. ते एवढंच बोलून गेले. पण ते गेल्यावर माझा पाय टेबलाखाली हलायला लागला तो थांबेना, आणि त्या अस्वस्थपणात मी ते केलं. नसलेली फाइल मीच लिहिली. अंदाजाने.

त्या फाइलमध्ये एकच महत्त्वाची गोष्ट असणार हे मला कळत होतं. प्रत्येक मोजणीनंतर कार्ड काही आकडे ठरलेल्या क्रमाने रांगेत मांडतं, आणि त्या रांगेत कितव्या जागी काय आहे हे ती फाइल सांगणार. मी क्रम ठरवून टाकला: आधी चॅनेल म्हणजे मोजणी कुठल्या नळीची ते, मग दाब, मग तापमान. रांग किती लांब आहे हे माहीत नव्हतं, म्हणून शेवटी भरपूर मोकळी जागा सोडली. टूल चालवलं. एकही तक्रार नाही, दुभाष्या तयार. ऑफिसातल्या सुट्या कार्डावर चालवून पाहिलं. दाब मीटरशी जुळत होता. तापमान सत्तावीस दाखवत होतं, आणि खोलीचं तापमानही तेवढंच होतं. मी फाइलच्या वर 'तात्पुरती' असं लिहिलं आणि सरांना सांगितलं, "झालं."

अंदाजाने लिहिली हे सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी, असं तेव्हा मनाला समजावलं.

मशीन सोमवारी सुरू झालं आणि दहा दिवस काहीच तक्रार आली नाही. तरी मला चैन नव्हतं. फोन वाजला की आधी चाकणचा नंबर आहे का बघायचे. आई फोनवर म्हणाली, "तुझं लक्ष कुठे असतं गं?" मी म्हटलं कामाचा ताण आहे.

अकराव्या दिवशी एका फुटकळ कामासाठी चाकणला गेले. स्क्रीनवरची दोन बटणं हिंदीत करून हवी होती. मोशीच्या पुढे नेहमीसारखे कंटेनर अडकलेले, त्यांच्या मधून स्कूटर काढत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली होती. मशीनवर ज्या ऑपरेटर ताई होत्या त्या बीडकडच्या, चाळिशीच्या आसपासच्या. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं मॅडम, तुम्हीच आलात. याचं दुपारून डोकं फिरायलंय."

"म्हणजे?"

"सकाळी नीट ऱ्हातंय. पण जेवण झालं की वाईट मालालाबी पास म्हणायलंय."

"तुम्हाला कसं कळलं वाईट आहे ते?"

त्यांनी मशीनमागून पाण्याची बादली पुढे ओढली. नुकताच हिरवा दिवा लागून पास झालेला एक भाग उचलला, त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचातून हवेची नळी लावली आणि भाग पाण्यात बुडवला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. एका कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, पण थांबत नव्हते.

"दोन दिवस झाले बघायले मी," त्या म्हणाल्या. "सुपरवायझरला बोलले. ते म्हणले, मशीनमधी प्रोग्राम नवीन हाय, तुमीच चुकत असाल."

काय झालं असेल हे मला त्या क्षणी कळलं. दुपारी पत्र्याखालची हवा तापलेली असते, आणि भाग शेजारच्या एसी खोलीतून गार होऊन येतात. गार भाग बाहेरच्या उष्णतेने हळूहळू तापतो, त्याबरोबर आत भरलेली हवाही तापते, दाब किंचित वाढतो आणि बारीक गळती त्या वाढीखाली झाकली जाते. म्हणूनच प्रोग्राम भागाचं तापमान बघून तेवढा हिशेब वजा करतो. पण स्क्रीनवर तापमान सत्तावीस होतं. सकाळी सत्तावीस, आत्ताही सत्तावीस. मी भागावर हात ठेवला. तो चांगलाच गार होता.

माझ्या चुकीच्या अंदाजामुळे मशीन बंद पडलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मी शेवटी मोकळी जागा सोडली होती, जे मला माहीत नव्हतं ते तिथे मावलं, त्यामुळे काहीच बंद पडलं नाही. ते शांतपणे चुकत राहिलं.

बाहेर जाऊन सरांना फोन केला. सगळं सांगितलं, अंदाजाचंसुद्धा. दिवसाला किती माल होतो ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आत्ता कार्ड बिघडलंय म्हण. आपण आधी बघू काय ते, मग सांगू."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. आत आले तर कारखान्याचे क्वालिटीचे साहेब येऊन उभे होते, कारण ताईंनी तोवर मशीन बंद केलं होतं. ते ताईंवर डाफरत होते. "कुणाला विचारून लाइन थांबवली?" ताई खाली बघून उभ्या. मी तोंड उघडलं ते कार्डाचं सांगायला, आणि निघालं भलतंच.

"त्यांची चूक नाही. माझी आहे. एक फाइल मिळाली नाही म्हणून मी ती अंदाजाने लिहिली होती. दुपारचा माल बाहेर सोडू नका."

साहेबांनी ताईंना सोडून माझ्याकडे पाहिलं. "दहा दिवसांचा माल?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते फोन लावत बाहेर गेले.

आता खरी फाइल हवी होती, त्याशिवाय मशीन चालणार नव्हतं. मी लॅपटॉप घेऊन खोक्यांवर बसले आणि मुख्य हेडर पहिल्यांदाच अगदी पहिल्या अक्षरापासून वाचली. आपण प्रोग्रामर वरच्या टिपा वाचत नाही, सरळ कामाच्या ओळीवर जातो. तिसऱ्याच ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: अडचण आल्यास संपर्क करा. पुढे लायब्ररी लिहिणाऱ्याचा मोबाइल नंबर. चार दिवस ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

चौथ्या रिंगला एका म्हाताऱ्या माणसाने फोन उचलला. मी लायब्ररीचं नाव घेतलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अजून चालू आहे ते कुठे?" ते म्हणाले. "मी तळेगावला असतो. स्टेशनाजवळ. येता का?"

चाकणहून तळेगावचा रस्ता मी एरवी दुचाकीवर टाळते. त्या दिवशी ट्रकांच्या धुळीतून कशी गेले ते आठवत नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यांनी स्वतःच पाणी आणून दिलं, आणि जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मला काहीच विचारलं नाही. त्यांनी फाइल उघडली आणि रांगेवरून बोट फिरवलं. चॅनेल, दाब, तापमान, आणि पुन्हा तापमान.

"दोन आहेत?" मी विचारलं.

"पहिलं कार्डाचं स्वतःचं. कार्ड मशीनच्या एसी पॅनेलमध्ये, बंद कपाटात असतं ना, म्हणून ते दिवसभर सारखंच. दुसरं भागाचं. तुम्ही कोणतं वाचत होता?"

"पहिलं."

"हेडर कुठून मिळाली मग तुम्हाला?"

"मिळाली नाही. अंदाजाने लिहिली."

ते माझ्याकडे वळले. "अंदाजाने? आणि त्यावर माल पास केला? इंजिनिअर ना तुम्ही?" त्यांचा आवाज चढला होता. मी ऐकून घेतलं. मग मात्र मला राहवेना. "काका, ही फाइल लायब्ररीबरोबर का नव्हती?"

 त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मीच देत नव्हतो," ते म्हणाले. "मुख्य हेडर द्यायचो, ही ठेवून घ्यायचो. कंपनी बंद पडणार हे दिसत होतं. वाटायचं, ही नसली की लोकांना माझ्याकडे यावं लागेल. नंबर म्हणूनच तर लिहिला होता. पहिल्या वर्षी दोघं आले. नंतर कुणीच नाही. मला वाटलं, मशिनं भंगारात गेली."

 शेवटी त्यांनी फाइल पेन ड्राइव्हवर घालून दिली आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, "मी आलो तर चालेल का? बघायचं होतं चालताना." त्यांनी माळ्यावरून स्वतःचं जुनं हेल्मेट काढलं, आणि आम्ही चाकणला आलो.

गेटवर त्यांचा पास करण्यात अर्धा तास गेला. मग मी माझी फाइल पुसली, त्यांची ठेवली, टूल चालवलं. मिनिटभरात नवा दुभाष्या तयार झाला. ताईंनी मघाचाच गळका भाग एसी खोलीत पुन्हा गार करून आणला आणि लावला. स्क्रीनवर आता एकोणीस तापमान होतं, आणि दिवा लाल लागला. काका मशीनला हात न लावता, पाठीमागे हात बांधून, बराच वेळ एकेक मोजणी बघत उभे होते.

पुढचे चार दिवस, आधी पास झालेला माल पुन्हा तपासण्यात गेले. जो बाहेर गेला होता तो ग्राहकाच्या गोदामात अडवून परत मागवला. बहुतेक भाग चांगले निघाले. गळके निघाले ते मी एकेक करून वेगळे ठेवले. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले आणि खोकी उचलायला लागले. कारखान्याला मी झाल्या प्रकाराचं पत्र लिहिलं. त्यात ऑपरेटरमुळे चूक पकडली गेली हे वाक्य होतं. सर म्हणाले एवढं कशाला. मी ते ठेवलं. त्या कारखान्याचं पुढचं काम मात्र आम्हाला मिळालं नाही, दुसऱ्याच कंपनीला गेलं.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये चहा घेताना ताईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय चुकीचं लिहिलं होतं?" मी तपासणीच्या कागदामागे रांग काढून दाखवली, दोन तापमानं, एक इथलं, एक तिथलं. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला.

"म्हणजे ताप एकाला, अन् थर्मामीटर दुसऱ्यालाच लावलं," त्या म्हणाल्या.

"हो. तसंच."

"मग विचारायचं की कुणाला तरी."

 बाहेर कंपनीची बस लागली होती. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि घाईने निघून गेल्या. शेवटच्या चार खोक्यांवर माझी सही राहिली होती, म्हणून मी परत आत गेले.