दमलेली पलटण

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणं हे तिचं काम. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, कडा जुळवायच्या, पुढची उचलायची. आठ तास, उभ्यानं. अशी एकोणीस वर्षं झाली होती. दुपारी चारला घरी परतली की ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर जरा टेकायची आणि तीन मजले चढायची हिंमत गोळा करायची. नवरा लिफ्टचा मिस्त्री आणि राहत्या इमारतीला लिफ्ट नाही, हा घरातला जुना विनोद होता. हल्ली त्यावर कुणी हसत नसे.

घरात तिसरे नाना, म्हणजे तिचे सासरे. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, रेघ केसभर हललेली खपायची नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छंद धरला होता, टेबलावरच्या लढाईचा. बोटाच्या पेराएवढे शिपाई, फासे आणि मोजपट्टी घेऊन चारपाच म्हातारे रविवारी एका जुन्या छापखान्यावरच्या खोलीत जमत आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या फौजा कापून काढत. नानांनी साठ शिपायांची नवी पलटण आणली, एकेक हातपाय चिकटवून उभी केली, आणि नेमके तेव्हाच डोळे गेले. पूर्ण नव्हे, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग तेवढा. समोर बघितलं की समोरचाच माणूस पुसला जायचा. म्हणून बोलताना ते तुमच्या कानाकडे बघत. कानाकडे बघितलं की त्यांना तोंड दिसायचं.

त्या खोलीचा नियम कडक होता: रंगवलेला नसेल तो शिपाई टेबलावर चढणार नाही. मोठी लढाई पाच आठवड्यांवर आली होती. नानांनी मुलाला विचारून पाहिलं.

"नाना, दिवसभर ग्रीसमध्ये हात असतात माझे," तो म्हणाला. "ते इवलेसे माझ्या हातात मोडतील."

मग नाना सुनेच्या कानाकडे बघू लागले. तीच म्हणाली, "द्या इकडे. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. पहिल्या दिवशी तिने बाटलीतला रंग तसाच ब्रशवर घेतला आणि शिपायाच्या तोंडाला फासला. नानांनी त्याच्या तोंडावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"याचं नाक कुठे गेलं?"

"आहे की आत."

"आत कसं असेल, सूनबाई? नाक बाहेर असतं."

मग शिकवणी सुरू झाली. आधी अस्तराचा एक हात. तो वाळला की रंग पाण्याने दुधाइतका पातळ करून दोन हात, घाई नाही. शेवटी काळपट पाणी सोडायचं, ते खाचाखोचांत उतरतं आणि सुरकुत्या, बोटं आपोआप उठून दिसतात. नाना डोळ्यांऐवजी नखाने तपासत. जाड थर, अडकलेला केस, सगळं त्यांना कळायचं. तिची मात्र मान धरायची, डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. चार ते सहा एवढाच वेळ असायचा, मग कुकर लावायचा. दोन तासांत धड दीड शिपाई व्हायचा.

नवव्या शिपायावर भडका उडाला. नानांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "बटणं एका रेषेत नाहीत."

"नाना," ती ब्रश ठेवून म्हणाली, "दिवसभर परक्यांच्या चादरी सरळ करते. घरी येऊन यांची बटणंही मीच सरळ करायची?"

ती उठली, आणि अकरा दिवस त्या टेबलाकडे फिरकली नाही. नानांनीही विषय काढला नाही. चहा दिला की "ठेव" म्हणायचे, बस.

बाराव्या दिवशी कपडे भिजवताना नानांच्या सदऱ्याची बाही तिच्या हाती आली. कफावर निळा डाग होता, घासून घासून पसरवलेला. डागांच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नव्हतं. कुणीतरी गरम पाण्याने, घाईत, लपवण्यासाठी धुतलेला डाग होता तो. ती नानांच्या खोलीत गेली. खिडकीतल्या रुमालाखाली एक शिपाई निघाला. निळा रंग कोटावर थोडा, गळ्यावर जास्त, आणि एक डोळा गालावर.

नाना पलंगावर बसून होते. "उगाच बघत होतो," ते म्हणाले, "जमतंय का."

ती शिपाई घेऊन बाहेर आली, त्याचा रंग पुसून काढला आणि मग तिथूनच म्हणाली, "बटणं जमतील तशी होतील. त्यावर बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"नखही लावायचं नाही."

"तेवढं लावू दे गं."

मोठ्या लढाईपर्यंत बत्तीस झाले. शेवटच्या आठवड्यात तिच्या हातून काळपट पाणी जास्त पडू लागलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली साचून वाळलं. पुन्हा करायचं त्राण नव्हतं.

"कसे दिसतात?" नानांनी विचारलं.

"दमलेले."

"चालत आलेत लांबून," नाना म्हणाले. "दमणारच."

रविवारी तिलाच त्यांना घेऊन जावं लागलं. नवऱ्याला कुठेतरी अडकलेली लिफ्ट सोडवायला बोलावलं होतं. छापखान्यावरच्या खोलीत तिने पेटी उघडून शिपाई मांडले, दोन मिनिटं म्हणून भिंतीकडच्या खुर्चीत टेकली, आणि तिला गाढ झोप लागली. लढाई तिने पाहिलीच नाही.

जाग आली तेव्हा नानांची पलटण आडवी झाली होती. नानांचे जुने मित्र, पूर्वी औषधांचं दुकान चालवणारे, एक शिपाई भिंगाखाली धरून बसले होते. तेच जिंकले होते.

"हे तुम्ही केलंत? याचे डोळे बघा. माझे नुसते बाहुले वाटतात यांच्यापुढे."

"पाणी साचलं हो," ती संकोचून म्हणाली.

"ते कसं साचवायचं, तेच सांगा."

तिने सांगितलं. ब्रश किती ओला ठेवायचा, शिपाई किती तिरका धरायचा, कुठे टिपून घ्यायचं नाही. दोन म्हातारे खुर्च्या ओढून जवळ आले. आपल्याला इतकं सांगता येतं हे तिलाच नवीन होतं. नाना एका बाजूला बसून तिच्या कानाकडे बघत होते.

"हरलात म्हणे," परतताना बसमध्ये ती म्हणाली.

"सपाटून," नाना म्हणाले. मग मांडीवरची पेटी चाचपत म्हणाले, "अठ्ठावीस राहिलेत अजून."

"आज नाही हं, नाना."

"आज नाहीच."

पुढच्या आठवड्यात तिला सुट्टी नव्हती. मंगळवारी दोन शिपाई झाले, बुधवारी एकही नाही. गुरुवारी एकाचंच तोंड झालं, आणि ते बरं झालं होतं.