सहादेवनं न घेतलेला कागद

शिंगणापुरात सहादेव सनगराचं घर कुणाला विचारावं लागत नसे. घरामागच्या परड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या लोकरीचा ताणा ताणलेला दिसला की समजायचं, हेच ते. ताण्याच्या कडेकडेनं सहादेव कुंचा घेऊन खळ देत चाललेला असे. शिजवलेल्या चिंचोक्यांची खळ ती. तिचा आंबूस वास त्याच्या अंगाला इतका बसला होता, की बाजारात तो मागून आला तरी लोक वळून न बघताच म्हणत, "या सहादेवतात्या."

घोंगडी विणायला माणसाला फार लागत नाही. लोकर लागते, माग लागतो, सूत कातणारी बायको लागते. पण ताणा लावायला वीस-बावीस हात उघडी, सपाट, सरळ जागा लागतेच लागते. ती निम्मी इथं, निम्मी तिथं चालत नाही. सहादेवच्या आज्यानं त्या परड्यात खुंट्या ठोकल्या, बापानं त्याच भोकांत ठोकल्या आणि सहादेवनंही त्याच. परडं कुणाचं, असं तीन पिढ्यांत कुणी विचारलं नाही, म्हणून त्याचा कागदही कुणी केला नाही.

शेजारचं घर रंगनाथनं विकत घेतलं ते लढाई सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. खरेदीखत नेवाशात लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यानं शिंगणापूर कधी बघितलंच नव्हतं. त्यानं बसल्या जागी "पूर्वेस चिंचेचं झाड" असं लिहून टाकलं, आणि चिंच उभी होती सहादेवच्या परड्याच्या पलीकडे. झालं, कागदावर परडं रंगनाथचं. रंगनाथचं बोलणं गुळाच्या काकवीसारखं. भांडताना सुद्धा आवाज चढायचा नाही. तो म्हणे, "तात्या, मला का तुमचं परडं पायजे हुतं? पन कागदातच आलंय, तर मी त्याला काय करू?" वर घरचं ताक पाठवून द्यायचा.

चव्वेचाळीस सालच्या चैत्रात बातमी आली की रंगनाथनं नेवाशाच्या कोर्टात दावा लावला, आणि बेलीफ समन्स घेऊन निघालाय.

त्या दिवशी चावडीपुढं गोरक्षला राहवेना. गोरक्षनं जन्मात तीन वेळा कोर्टात साक्ष दिली होती. एकदा बैलाची, एकदा मारामारीची, आणि तिसरी कशाची ते त्यालाही आठवत नव्हतं. पण तेव्हापासून तो कायद्याचं बोलायचा. बोलायच्या आधी डोळे मिटायचा, घसा साफ करायचा, उजव्या हाताचं बोट हवेत उभं करायचा आणि म्हणायचा, "मुद्दा असा की." मग मुद्दा येईपर्यंत समोरच्यानं दम धरायचा.

"मुद्दा असा की," गोरक्ष म्हणाला, "कागद घेतला तर दावा. घेतलाच न्हाई तर कसला दावा? पोरीनं माळच घातली न्हाई, तर लगीन लागलं म्हनतील का?"

हे सगळ्यांना पटलं. कुणीतरी शंका काढली की घोडेगावात एकानं समन्स घेतलं नाही, तर बेलफानं ते त्याच्या दारावर चिकटवलं. गोरक्षनं पुन्हा डोळे मिटले. म्हणाला, ते घोडेगाव. इथं देवाच्या कृपेनं एका तरी घराला दार आहे का? नुसत्या चौकटी. बेलीफ काय हवेला चिकटवणार? चावडी खदखदून हसली. सहादेवही हसला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

घरी त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, ते पुन्हा ठेवलं. ती काष्टीची. तिच्या माहेरी आठवड्याचा मोठा बाजार, त्यामुळं चार प्रकारची माणसं, चार प्रकारची फसवणूक तिनं लहानपणापासून बघितलेली. ती सूत काततच म्हणाली, "अवं, नेवाशाला जाऊन वकिलाला नुसतं इचारून तरी या."

सहादेवला ते ऐकूनच कसंतरी झालं. वकील म्हणजे काय साधी गोष्ट? वकील लावला म्हणजे रंगनाथशी भांडण आहे हे आपणच कबूल केलं. तो ताक पाठवतो, आणि आपण वकील लावायचा? शिवाय ज्या गावात कुलूप ठाऊक नाही, त्या गावच्या माणसानं वकिलाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. लोक म्हणतील, ह्याच्याच मनात काहीतरी काळं आहे.

"ज्याच्या पायात काटा न्हाई, त्यानं न्हाव्याकडं कशापायी जायाचं?" तो म्हणाला.

"मग काटा पार पोटरीत शिरल्यावर जानार का?" छबूबाईनं विचारलं, आणि चाती जोरात फिरवली.

बेलीफ आला तो भर उन्हात. पीरमहंमद त्याचं नाव. नेवाशापासून सायकल ढकलत आलेला, सदरा पाठीला चिकटलेला. त्याला दोन आवाज होते. एक कोर्टाचा. त्या आवाजात तो एका दमात म्हणाला, "सदरहू प्रतिवादी यांनी सदरहू कोर्टात सदरहू तारखेस सकाळी अकरा वाजता हजर राहून," आणि दर सदरहूला कपाळावरचा घाम पुसला. समोर सहादेव दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होता. पीरमहंमदनं कागद पुढं केला. सहादेव एक पाऊल मागं सरला. तो आणखी पुढं झाला, हा आणखी मागं. असं करत करत दोघं चुलीपर्यंत आले. मग पीरमहंमदचा दुसरा, घरचा आवाज निघाला.

"घ्या ना बाबा. मेरेकू अजून सोनईला जायचंय."

सहादेवनं नकाराची मान हलवली. छबूबाईनं पाहुण्याला पाणी दिलं. पीरमहंमद पाणी प्यायला, बाहेर आला आणि दार शोधू लागला. जमलेली माणसं तोंडावर उपरणं धरून हसू दाबत होती. पीरमहंमदनं चौकट वरून खाली बघितली, खालून वर बघितली. मग थंडपणे म्हणाला, दार नसलं तर दिसेल अशा कुठल्याही जागी लावायची मुभा आहे. त्याला अशी घरं नवी नव्हती.

एवढंच, की त्याच्याजवळ चिकटवायला डिंक नव्हता. परड्याच्या तोंडाशी खळीचं मडकं होतं. त्यानं छबूबाईकडे दोन बोटं खळ मागितली. दारात आलेल्यानं दोन बोटं काही मागितलं तर नाही म्हणायची रीत त्या घरात नव्हती. तिनं दिली. पीरमहंमदनं चौकटीच्या खांबाला ती फासली आणि कागद दाबून बसवला. मग म्हणाला, साक्षीला कुणी सही करणारा आहे का? माणसं एकमेकांकडे बघू लागली. अंगठे सगळ्यांना होते. सही एकट्या गोरक्षलाच यायची, आणि कुणी सही मागावी म्हणून तो वर्षानुवर्षं वाट बघत होता. तो पुढं झाला. खाली बसला, मांडीवर फळी घेतली, जीभ दाताखाली धरली आणि बापाच्या नावासकट, आडनावासकट सही केली. खाली एक शेपूटही काढलं. सहादेवनं आज समन्स घ्यायला नकार दिला आणि ते घराला लावलं, ह्यावर ती सही होती. पण वर काय लिहिलंय ते गोरक्षनं वाचलं नाही. त्याला सहीच यायची, वाचन येत नव्हतं.

पीरमहंमद गेल्यावर गोरक्ष म्हणाला, "बघा. हातात घेतला का? न्हाई घेतला."

कागद खांबाला राहिला. खळ सहादेवच्या हातची, घोंगडी दहा वर्षं ताठ ठेवणारी. वाऱ्यानं कागद हलला नाही, उन्हानं सुटला नाही. सहादेव येता-जाता अंग चोरून, तिरका होऊन चौकटीतून जायचा. तारीख त्याच्या खांद्याच्या उंचीवर होती. ती कुणाकडून वाचून घ्यावी असं छबूबाई दोनदा म्हणाली. पण वाचून घेतला म्हणजे घेतलाच की, असं त्याला वाटायचं. तारीख आली कधी आणि गेली कधी, त्याला कळलं नाही. त्या दिवशी बहुतेक तो खळच देत असावा.

पावसाळा गेला. काहीच झालं नाही. दावा बुडाला, असं चावडीनं ठरवून टाकलं. ज्याला त्याला सहादेवची गोष्ट सांगायची गोरक्षला सवय लागली, आणि दर सांगण्यात बेलीफ आणखी आणखी घाबरत गेला.

दसऱ्यानंतर पीरमहंमद पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर रंगनाथ होता, आणि बाभळीच्या काट्यांच्या फेसाट्या घेतलेली चार माणसं होती. पीरमहंमदनं पहिल्या आवाजात वाचलं. प्रतिवादी हजर राहिला नाही, सबब एकतर्फी हुकूमनामा झाला, सबब जागेचा ताबा वादीस द्यावा. सहादेव हातात ओला कुंचा घेऊन ऐकत होता. पाठीमागं ताणा लावलेला, नुकतीच खळ दिलेली. 'सबब' हा शब्द एवढा धारदार असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"ताणा वला हाय," तो म्हणाला. "आता काढला तर सगळी लोकर वाया जाईल."

पीरमहंमदनं ताण्याकडे बघितलं, मग उन्हाकडे. दुसऱ्या आवाजात म्हणाला, "वाळू द्या. बसतो मी."

मग सगळेच बसले. बेलीफ बसला, काटेवाले बसले, रंगनाथही चिंचेखाली बसला. छबूबाईनं सगळ्यांना पाणी दिलं. सहादेव मधून मधून उठून दोऱ्यांवरून पालथा हात फिरवायचा. रंगनाथ म्हणाला, "घाई न्हाई तात्या, सावकाश." त्यात टोमणा नव्हता. त्यामुळंच सहादेवला त्याच्यावर राग धरता येईना. दुपार कलली. ताणा वाळला. नवराबायकोनं तो गुंडाळून घरात नेला. पीरमहंमदनं खुंट्या उपटून नीट मोजून सहादेवच्या हातात दिल्या, आणि मग परड्याभोवती काटे पडले.

दुसऱ्या दिवशी सहादेव नेवाशाला गेला. बरोबर एक नवी घोंगडी घेतली, वकिलाला द्यायला. राधाकृष्णपंत वकील ओट्यावर चष्मा पुसत बसले होते. चोराला विचारतात तसं हे विचारणार, असं सहादेवला वाटत होतं. पण पंतांनी आधी त्याला सावलीत बसायला सांगितलं. मग एकेक प्रश्न. जागा किती दिवसांपासून? आज्यापासनं. मधे कधी कुणी अडवलं? कधीच न्हाई. हे सांगणारं कुणी आहे? अख्खं गाव सांगल की. खुंट्यांची जुनी भोकं आहेत? हायेत. पहिल्या उत्तरांना पंत पुढं सरकले होते, त्यांचे डोळे चमकले होते. सहादेवला वाटलं, ह्यांना आपलं पटतंय.

"आणि समन्स?" पंतांनी विचारलं.

"घेतलंच न्हाई," सहादेव म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा ताठा शिल्लक होता.

पंत मागं टेकले. त्यांनी कारकुनाला कोर्टातून बेलफाच्या रिपोर्टाची नक्कल आणायला धाडलं. ती आल्यावर शेवटी शेपूटवाली सही निघाली. हा कोण, असं पंतांनी विचारलं. सहादेवनं सांगितलं, गोरक्ष. त्यानंच तर सांगितलं हुतं, घेऊ नगं म्हनून.

पंतांनी नक्कल खाली ठेवली. मग चष्मा काढून म्हणाले, "अरे बाबा, हा दावा तू जिंकला असतास. दोन तारखांत. बारा वर्षांच्या वरची वहिवाट, गावभर साक्षीदार, आणखी काय पाहिजे? पण तू आलाच नाहीस. कोर्टानं एकाचंच ऐकलं, कारण एकच बोलायला आला होता."

"मग कवा यायाला पायजे हुतं?"

"कागद आला त्या दिवशी. घ्यायचा, आणि तसाच उचलून इकडे यायचं. कागद घेतल्यानं कुणी हरत नाही. आणि वकिलाला विचारलं म्हणून शेजाऱ्याशी वैरही होत नाही. पुष्कळदा मी दोघांना समोर बसवून मिटवतो."

सहादेव ऐकत होता. हेच छबूबाई कातता कातता म्हणाली होती, कमी शब्दांत.

पंतांनी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज लिहिला, पण तेव्हाच सांगून टाकलं की आशा धरू नकोस. मुदत टळली होती, आणि समन्स लागल्याला गावचाच साक्षीदार होता. एका तारखेत अर्ज नामंजूर झाला. सहादेवनं घोंगडी पुढं केली. पंतांनी तिच्यावर हात फिरवला, पोत बघितला आणि तिची घडी करून परत त्याच्या मांडीवर ठेवली. त्यांनी फी घेतली नाही, तेव्हा सहादेवला कळलं की आता खरोखरच काही उरलेलं नाही.

"मग आता मी काय करू?" त्यानं विचारलं. पंतांनी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

गोरक्ष चार दिवस चावडीवर फिरकला नाही. मग एक दिवस सहादेवपुढं येऊन उभा राहिला. डोळे मिटले, बोट उभं केलं, म्हणाला, "मुद्दा असा की," आणि पुढं काहीच सुचेना. बोट तसंच हवेत राहिलं. सहादेवलाच त्याची कीव आली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे गोरक्षा. बस, तमाखू खा."

आता सहादेव ताणा लावतो तो सोनईच्या रस्त्यावर. वीस-बावीस हात सरळ जागा गावात दुसरी नाही. खुंट्या रस्त्याच्या कडेनं ठोकायच्या, आणि तरी दोरा चाकोरीवर येतोच. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला छबूबाई. गाडी आली की दोघांनी खुंट्या उपटून ताणा कडेला धरायचा. गाडी गेली की पुन्हा लावायचा. धूळ बसते, खळ धरत नाही, घोंगडी पहिल्यासारखी उतरत नाही. बाजाराच्या दिवशी तर गाड्यांमागं गाड्या.

"तात्या, वाईच उचला," गाडीवान लांबूनच म्हणतो.

सहादेव उचलतो.