कौशल्याबाईंची काच

हरिहर देवस्थळी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला, ते साल पासष्ट. राजापूरकडचा मुलगा, डिप्लोमा झालेला, अंगाने काडी. हातात यंत्र द्या, तासाभरात खोलून दाखवील; पण चहा करायला सांगितला तर भांडं जाळून ठेवील. अशा माणसाला थेरगावात कौशल्याबाईंच्या घराची पुढची खोली मिळाली, ही त्याची पूर्वपुण्याईच म्हणायची.

कौशल्याबाई जुन्या थेरगावच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दारात दोन म्हशी आणि तोंडात सतत चाललेला पट्टा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हरिहरला बिस्किटांवर रात्र काढताना पाहिलं आणि दारात भाकरीचं ताट आणून आदळलं. "भाडेकरू मेला तर खोलीला वाईट नाव पडतं. खा गुमान!" असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून तो मावशी म्हणू लागला आणि त्या हरी. पुढे त्याचं लग्न झालं, नीलिमा आली, तिने सासूसारख्या कौशल्याबाईंशी दोन-चार वेळा भांडूनही पाहिलं. बाकीचे भाडेकरू कंपन्यांच्या वसाहतींत राहायला गेले. हरिहर मात्र तिथून हलला नाही. विचारलं की म्हणायचा, "कारखाना जवळ पडतो." कारखाना मुळीच जवळ नव्हता.

बाईंना एकच व्यसन, मिश्री. तंबाखूचं पान तव्यावर काळंकुट्ट होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं. तंबाखू भाजायला घेतली की सबंध आळी शिंकायची. सकाळी उठल्यावर मिश्री, जेवल्यावर मिश्री, रागावल्यावर मिश्री, राग उतरल्यावरही मिश्री. आळीतल्या सगळ्याच बायकांचं तसं. मिश्री लावल्याशिवाय तोंड धुतलं असं कुणाला वाटायचंच नाही.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात एकदा कौशल्याबाई कशावर तरी खदखदून हसल्या आणि हरिहरला त्यांच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला. त्याने विचारलं तर म्हणाल्या, "गरम च्यानं पोळलं आसंल." महिन्याभराने चट्टा तिथंच. तो म्हणाला, "मावशी, डॉक्टरांना दाखवू." बाईंनी हातातलं वैरणीचं ओझं तिथंच टाकलं. "माजा मालक चालत गेला हुता दवाखान्यात. कापाकापी केली आन् चौघांनी घरी आनला. मी न्हाई जायची." त्यावर बोलायची सोय नव्हती. हरिहरने नीलिमाकडून सांगून पाहिलं, जेवण सोडायची धमकी देऊन पाहिली. बाईंनी ताट उचलून म्हशीपुढे ठेवलं.

आता यात यंत्र कुठून आलं ते सांगायला हवं.

चिंचवडला एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. तिथे डॉक्टर मृदुला सबनीस तोंडातल्या कॅन्सरची तपासणी करायच्या. गालाच्या आतून लाकडी पट्टीने थोडं खरवडायचं, ते काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती काच इकडून तिकडे इंच इंच सरकवत बघत बसायचं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाची काच सरकवायची चकती अडकू लागली म्हणून कुणाच्या तरी ओळखीने हरिहरला बोलावलं. चकती त्याने चहा येईपर्यंत दुरुस्त केली. मग डॉक्टर कशा तपासतात ते पाहत उभा राहिला. काच उजवीकडे, थोडी खाली, पुन्हा डावीकडे.

"अहो, हे तर आमच्या मिलिंग मशीनचं टेबल झालं," तो म्हणाला. "ह्याला मोटर लावली तर?"

"मोटर लावून काच सरकेल. बघणार कोण?" डॉक्टरांनी हसून विचारलं आणि त्याला भिंगातून बघायला लावलं. चांगल्या पेशी फिकट, पसरट, मधे बारीक टिकली. मग त्यांनी दुसरी काच लावली. त्यातल्या पेशींची टिकली फुगून मोठी झालेली आणि गडद निळी, जवळजवळ काळी. हरिहरच्या डोळ्यांपुढे मात्र पेशी नव्हत्या. त्याच्या डोळ्यांपुढे तो पांढरा चट्टा होता. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "गडद डाग आला की घंटा वाजेल असं करता येईल."

त्यानंतर वर्षभर हरिहरने घरात जे काही मांडलं, त्यावर नीलिमाने स्वतंत्र पुराण सांगितलं असतं. ट्रकच्या वायपरची मोटर आली, पुण्याच्या जुन्या बाजारातून सिनेमाच्या प्रोजेक्टरमधला प्रकाशाचा डोळा आला, एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला कॅमेरा आला. टूलरूममधल्या मित्रांनी बारीक आट्यांचे स्क्रू कातून दिले. काच आपोआप सरकायची, डोळा उजेड मोजायचा, आणि ठरावीक मापाचा काळोख आला की टेबल थांबायचं, फोटो निघायचा आणि दारावरची असते तसली बेल ठणाणा वाजायची. डॉक्टरांनी मग फक्त तेवढीच जागा बघायची. त्यांच्याकडच्या जुन्या काचांवर यंत्र बरं चाललं. हरिहरला तर पंख फुटले.

कौशल्याबाई रोज संध्याकाळी येऊन यंत्रापुढे बसायच्या. बेल वाजली की "आरं, वराडतंय कशापायी?" म्हणायच्या. एकदा त्यांनी आपणहून विचारलं, "ह्ये कापत न्हाई न्हवं?"

"कापत नाही, मावशी. नुसतं बघतं."

"मग ह्याला दाखवीन. तू केलंयस म्हनून."

हरिहर तिथून उठून अंगणात गेला आणि उगाचच सायकलला तेल घालत बसला. वर्षभर तो ज्याची वाट पाहत होता ते बाई इतक्या सहज बोलून गेल्या होत्या. यंत्र डॉक्टरांसाठी केलं असं तो सगळ्यांना सांगायचा, पण ते खरं नव्हतं.

गावच्या देवळात तपासणीचा दिवस ठरला. डॉक्टर मृदुलांनी निरोप धाडला, तोंड स्वच्छ करून या. हा निरोप आळीत पोहोचवायचं काम कौशल्याबाईंनी अंगावर घेतलं, आणि त्यांनी एखादं काम अंगावर घेतलं की ते जरा जास्तच व्हायचं. "डाक्टरीनबाईंपुढं घान तोंड घिऊन जायाचं न्हाई," असं त्यांनी घरोघर बजावलं. पहाटेच ताजी मिश्री भाजली, शेजारच्या छबूबाईच्या हाती वाटायला दिली आणि सगळ्यांकडून दोन-दोनदा लावून घेतली. बायका देवळात आल्या त्या तोंडं लख्ख करून. प्रत्येकीच्या गालाची काच तयार झाली. डॉक्टरांनी कौशल्याबाईंचा चट्टा पाहिला आणि एक लहानसा तुकडा काढू का विचारलं. बाई ताडकन उठल्या. "यंत्र सांगंल त्ये सांगंल. तुकडा न्हाई."

दोन दिवसांनी रुग्णालयात यंत्र सुरू झालं. पहिली काच लावली, बेल वाजली. दुसरी लावली, बेल वाजली. तिसरीला तर ती थांबेचना. ट्रस्टचे अण्णासाहेब मुद्दाम बघायला आले होते. ते कानांवर हात ठेवून म्हणाले, "देवस्थळी, अख्ख्या थेरगावला कॅन्सर झाला की काय?" हरिहरचे कान लाल झाले. डॉक्टरांनी भिंगाला डोळा लावला आणि त्यांना हसू आवरेना. काचभर मिश्रीचे काळे कण पसरले होते, आणि ते यंत्र बिचारं एकेका कणाला पेशी समजून ओरडत होतं.

"चूक माझी," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड साफ करा म्हटलं, कशाने ते सांगितलं नाही. आता ह्यातून मलाही काही कळायचं नाही. पुन्हा काचा घ्यायला लागतील. तीन दिवस मिश्री बंद."

हे ऐकल्यावर हरिहर हसलाही नाही आणि रागावलाही नाही. तीन दिवस मिश्री बंद, असं कौशल्याबाईंना सांगणं म्हणजे म्हशीला झाडावर चढ म्हणण्यासारखं होतं. तो घरी आला तो तोंड पाडून. बाईंनी सगळं काढून घेतलं. अण्णासाहेब काय बोलले तेही.

"माज्यामुळं तुजं हसं झालं?"

"तसं नाही, मावशी."

"तसंच हाय."

बाई उठल्या, डबी घेतली, छबूबाईकडे गेल्या. छबूबाईची डबी आपल्याकडे आणली, आपली तिच्याकडे ठेवली आणि दोघींनी एकमेकींना शपथ घातली. मग जे झालं ते आळी विसरलेली नाही. पहिल्या दिवशी बाईंचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला, पोस्टमनला आणि एका निरपराध कोंबडीला शिव्या घातल्या. नीलिमाला विनाकारण रडवलं आणि मग पोटाशी धरलं. तिसऱ्या दिवशी छबूबाई कुंपणापाशी येऊन कुजबुजली, "वैनी, चिमूटभर?" बाई कडाडल्या, "पोराच्या यंत्राला पुन्यांदा बट्टा लागला तर बघ!" हरिहर आतून ऐकत होता. पन्नाशी उलटलेल्या बाईने जन्माची सवय आपल्यासाठी मुठीत आवळून धरली आहे, हे त्याला सहन होईना.

पुन्हा काचा घेतल्या गेल्या. या वेळी कौशल्याबाई आणि छबूबाई रुग्णालयात येऊन बाकावर बसल्या. बाईंचा हट्टच होता, यंत्राची इज्जत डोळ्यांनी बघायची. आत हरिहरने एकेक काच लावायला सुरुवात केली. काच सरकत होती, मोटर घरघरत होती, बेल गप्प. छबूबाईची काच झाली, गप्प. अण्णासाहेब मान डोलवू लागले. हरिहरच्या छातीत आनंद मावेना. मग त्याने शेवटची, कौशल्याबाईंची काच लावली. अर्धी काच सरकली, आणि बेल वाजली.

"कण असेल," हरिहर म्हणाला. त्याने काच काढली, खालच्या बाजूने पुसली, पुन्हा लावली. बेल त्याच जागी वाजली. डॉक्टर मृदुला भिंगावर वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. अण्णासाहेब म्हणाले, "वा, देवस्थळी! जमलं की!" त्यांना कुणाची काच ते ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर केली. "पेशी बिघडलेल्या आहेत. तुकडा काढून खात्री करावी लागेल, पण मला शंका वाटत नाही. सुरुवात आहे. आत्ता काढलं तर सगळं निघेल. थांबलो तर मी काही सांगू शकत नाही. तुम्ही त्यांना तयार करा, माझं त्या ऐकणार नाहीत."

हरिहर बाहेर आला. बाकावरून कौशल्याबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"वाजली न्हवं? आयकलं मी. कुनाची?"

तो येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. छबूबाईने तोंडाला पदर लावला.

"माजी व्हय," बाई म्हणाल्या. लगेच त्यांनी विचारलं, "बाकी कुनाचीच न्हाई वाजली?"

"नाही."

"म्हंजी नीट चाललंय." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंच समाधान दिसलं. मग त्यांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "हरी, आता एक सांग. डाक्टर लोक काय बी सांगत्यात, त्ये सोड. मागल्या खेपंला समद्यांचीच वाजली हुती. आता ह्या खेपंला चुकलं नसंल कशावरनं? तू केलंयस, तुला म्हाईत. तू म्हनलास चुकलं, तर मी घरी जाते. तू म्हनलास बराबर हाय, तर कापू दे."

सगळं हरिहरच्या जिभेवर येऊन ठेपलं. यंत्र बरोबर आहे हे जगाला ओरडून सांगायला तो वर्षभर आसुसला होता, आणि आता ते सांगायचं म्हणजे ह्या बाईला, जिने आपल्याला पोटच्या पोरासारखं जगवलं तिला, तुला कॅन्सर आहे असं आपल्या तोंडाने सांगायचं होतं. चुकलं असेल म्हणालो तर ती आत्ता उठेल, हसत घरी जाईल, संध्याकाळी भाकरी थापील. तो मोह त्याला झाला. खोटं कशाला बोला, झाला.

"चुकलं नाही, मावशी," तो म्हणाला. "बरोबर आहे ते." आणि दवाखान्याच्या मधल्या वाटेत, मागोमाग बाहेर आलेल्या अण्णासाहेबांसमोर, पस्तिशी ओलांडलेला टूलरूमचा इंजिनियर बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं, बरं. कदी कापायचं त्ये इचार जा."

तुकडा काढला, खात्री झाली, ऑपरेशन झालं. गालाचा थोडा भाग गेला, बोलताना तोंड एका बाजूला ओढू लागलं, पण बोलणं काही कमी झालं नाही. वर्षाने डॉक्टर मृदुलांनी पुन्हा काच घेतली. हरिहरने ती यंत्राला लावली तेव्हा नीलिमाने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्प सरकली.

त्या दिवशी घरी परतल्यावर म्हशीची धार काढणाऱ्या बाईंजवळ जाऊन हरिहरने एक गोष्ट कबूल केली. गेल्या वर्षी डॉक्टर भिंगावर वाकल्या होत्या, तेव्हा तो चिंचवडच्या मोरयाला मनातल्या मनात विनवत होता, माझं यंत्र चुकू दे, सगळं फुकट जाऊ दे, पुन्हा कशाला हात लावणार नाही, पण हे चुकू दे.

बाईंनी धार थांबवली नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "मोरयानं तुजं आयकलं न्हाई."