नणंदेचं सदर

माझ्या नणंदेला लोक लेखिका म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिला ती वीज कंपनीत लागली तेव्हापासून ओळखते.

ती तिथे तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत बसून त्यावर खुसखुशीत काहीतरी लिहायची. एका वेबसाइटला ते आवडलं. दर गुरुवारी तिचं सदर येऊ लागलं. नाव ठेवलं ‘आमच्या घरातलं’. सुरुवातीचं लिखाण खरंच झकास होतं. गळका नळ, घरमालकाचा चिक्कूपणा, एवढंच काय, स्वतःचं मोडलेलं लग्नसुद्धा तिने असं रंगवलं होतं की हसता हसता डोळ्यांत पाणी यावं. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असायची. गिऱ्हाइकांना कौतुकाने वाचून दाखवायची, “आमच्या नणंदेने लिहिलंय.”

मग माझे सासरे, अप्पा, जिन्यावरून पडले आणि अंथरुणाला खिळले. ते आमच्याकडेच होते. मी नोकरी अर्ध्या वेळेवर आणली. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, चादरी धुणं, सगळं माझ्या अंगावर. उचलायच्या वेळी नवरा हात लावायचा, एवढंच. नणंद रविवारी उगवायची. सफरचंदं आणायची, अप्पांचा हात हातात घेऊन तासभर बसायची आणि निघताना स्वयंपाकघरात येऊन विचारायची, “वहिनी, या आठवड्यात काय काय झालं गं? सगळं सांग.”

मला वाटायचं, लेक आहे, जीव तुटत असेल. मी सांगायची. अप्पांनी चिडून वाटी भिंतीवर फेकली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, ते सांगितलं. एकदा मला ‘आई’ म्हणाले, तेही सांगितलं.

सदर वाचायला तेव्हा सवड कुणाला होती? एक दिवस, मीच जिला त्याची गोडी लावली होती अशी एक बाई दुकानात आली आणि म्हणाली, “धन्य आहे हो तुमची नणंद! नोकरी सांभाळून वडिलांचं एवढं करते. तुम्हीही जरा हातभार लावत जा.”

घरी आले, फोन उघडला आणि उभ्या उभ्या वाचत सुटले. चादरी होत्या, वाटी होती, भिंतीवरचा डागही होता. फक्त माझ्या जागी ‘मी’ म्हणून ती होती. अप्पा तिला ‘आई’ म्हणाले होते. माझ्या वाट्याला एक वाक्य: ‘घरात इतर माणसं आहेत, पण ज्याला त्याला आपला संसार असतो.’ खोटं कशाला बोलू, वाटीचा प्रसंग वाचताना मला हुंदका आला, इतका तो चांगला उतरला होता. मग स्वतःचीच चीड आली.

रविवारी ती आली तशी मी फोन तिच्यापुढे धरला. “हे काय आहे?”

“ललित आहे ते, वहिनी. त्यातली ‘मी’ म्हणजे मीच असं नसतं.”

“मग लोक ‘धन्य’ म्हणतात ते कुणाला?”

“वाचकांना धरायला एक माणूस लागतो. आणि लिहिताना मी किती रडले, तुला काय माहीत?”

“तू रडलीस. मी चादरी धुतल्या.”

“शी! आजारी माणसाचं केलेलं बोलून दाखवतेस?”

“बोलून तू दाखवतेस. तेही माझं.”

नवरा दारात येऊन म्हणाला, “हळू बोला गं, अप्पा ऐकतील.” बहिणीला मात्र एका शब्दाने बोलला नाही.

त्या दिवसापासून मी तिला काही सांगायचं बंद केलं. सदर काही थांबलं नाही. आता भाऊ फोनवरून बहिणीला बातम्या पुरवत होता. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

अप्पा गेले. पुढच्या वर्षी वेबसाइटवाल्यांनी एका सभागृहात वाचकांचा मेळावा ठेवला. इतक्या वर्षांच्या लिखाणाकडे मागे वळून पाहणारा लेख ती वाचणार होती. नवऱ्याच्या आग्रहाखातर मीही गेले. ती वाचत होती, माणसं डोळे पुसत होती. शेवटाकडे ती माझ्याकडे बघत म्हणाली, “या सगळ्यात वहिनीनेही मदत केली.”

मदत! माझ्या घरात, माझ्या हातांनी केलेल्या कामात मी मदतनीस! टाळ्या चालू असतानाच मी उठले. नवरा चहाला थांबला.

तो लेख वेबसाइटवर आल्यावर मी खाली लिहिलं: ‘अप्पांचं सगळं मी केलं. ही रविवारी यायची.’ लोक तुटून पडले. कुणी लिहिलं, ‘जळका वास येतोय.’ कुणी म्हणालं, ‘वहिनी कसली, कुणीतरी टवाळखोर असेल.’ सकाळी बघते तर माझं लिहिलेलं गायब. पुन्हा लिहिलं, तेही उडवलं.

गेल्या महिन्यात ती ऑफिसच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. नवरा म्हणाला, “चार दिवस इथे आणू का तिला?”

“तिचे वाचक आहेत ना. त्यांना बोलव म्हणावं.”

दोघी-तिघी फुलं घेऊन जाऊन आल्या म्हणे. भांडी कुणी घासली नाहीत. आता नवरा सकाळी स्वतः पोळ्या लाटतो, वेड्यावाकड्या, आणि डबा घेऊन तिच्याकडे जातो. मी त्याला अडवत नाही आणि पिठात हातही घालत नाही.

परवा डबा भरता भरता म्हणाला, “ती विचारत होती, वहिनी अजून रागावलीय का?”

“अजून म्हणजे?” मी म्हणाले. “माझा राग काही गुरुवारपुरता नाही, तिला सांग.”

त्याने डब्याचं झाकण लावलं आणि चपला शोधू लागला.