खास बायकांचं टेबल

माझी पीएचडी टेबलावाचून अडली आहे, असा शोध माझ्या नवऱ्याने लावला. तो इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या कार कारखान्यात इंजिनिअर. कुठल्याही अडचणीवर त्याला वस्तूच सुचते. पुढच्याच शनिवारी त्याने फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, शंभरेक वर्षांचं एक लिहिण्याचं टेबल आणलं.

"खास बायकांसाठी बनवलंय," तो कौतुकाने म्हणाला. विकणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला इतिहास पढवला होता. पुरुषांची टेबलं तेव्हा पलंगाएवढी असत, दोन्ही बाजूंना खण आणि मध्ये पाय सोडायला ऐसपैस जागा. बायकांनी लिहायची ती चार ओळींची पत्रं. म्हणून त्यांना हे: बारीक वाकडे पाय, हातभर फळी, आणि लिहून झालं की वर झाकण नि कुलूप. दिवाणखान्यात बाईचा पसारा दिसायला नको ना! लॅपटॉप ठेवला की माझ्या कागदांना जागा उरत नव्हती, आणि गुडघे खणाला आपटत.

तरी मी बसले असते. पण बसू कोण देतो? "अगं, लॅपटॉप तापतो, लाखेचं पॉलिश जाईल." "चहा नको, डाग पडतो." दसऱ्याला त्याने त्यावर कागद अंथरून सरस्वती मांडली. पूजेतल्या पाटीपुस्तकांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. आमच्याकडे तो नियम वर्षभर चालला. मी प्रबंध लिहायचे स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी राहून, मुलगी दुपारची झोपली की तेवढा तास.

पाहुणे आले की मात्र झाकण उघडायचं. चोरकप्पा दाखवायचा. "गेनाऊ, अगदी बरोबर, इथे बायका प्रेमपत्रं लपवायच्या!" तो सांगायचा. मग मला तिथे बसवून फोटो. मीही बावळटासारखी हसत बसायचे. फोटो पुण्याला गेले आणि सासूबाईंचा फोन आला.

"अगं, इतकं राजेशाही टेबल घेऊन दिलंय त्याने, तरी तुझं होत नाही?"

"बघते, आई," एवढंच म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते.

शनिवारी सकाळी मुलीला नवऱ्याच्या कडेवर दिलं आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसले. तिथल्या साध्या पांढऱ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत महिनाभर रखडलेलं प्रकरण संपलं.

घरी आले तर नवऱ्याच्या शर्टावर खिमटीचे डाग, मुलगी खांद्यावर रडून झोपलेली. प्रकरण झाल्याचं सांगितलं. त्याला खरोखरच नवल वाटलं.

"एवढं सोपं होतं? मग आधीच का नाही गेलीस?"

"हिला कोण सांभाळणार होतं, तुझं टेबल?"