ताट फिरवायच्या आधी

त्या दिवशी सांजच्याला आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून पावटा सोलत होतो. उचगावातलं भाड्याचं घर, पुढं हातभर अंगण, अंगणापलीकडं घरमालक तात्यांचं दार. हौसा, म्हणजे माझी बायको, शेंग फोडायची आन् बोलायची. मी नुसती फोडायचो. इलेक्शन जवळ आलतं. आमदारकीला तिघंजण उभे होते. दोघं दारात येऊन गेलते, तिसरी एक बाई होती, ती यायची होती. हौसानं किडकी शेंग उचलली. "ह्यो पयला," म्हणाली. दुसरी दाबून बघितली, वरनं टपोरी, आत दाणाच न्हाय. "ह्यो दुसरा."

"आन् ती बाई?" मी इचारलं.

"ती शेंग अजून फोडली न्हाय की. दारात आली म्हंजे बघू."

हसलो. साली तात्यांच्या शेळीला घातल्या. जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली न्हाय. झोपेतच गेली म्हणाला डॉक्टर.

गावाकडं काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. म्हातारा म्हातारपणी घरदार सोडून गेला, दोन पोरांच्या नादी लागला, बायकोबी तिकडंच घालवली. म्हणून लिहायला घेतलंय. मी चौथी शिकलोय. गावात हाईत त्यांनी वाचावं, आन् माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनीबी वाचावं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. पुरात आम्ही लई वेळा घर सोडलंय. म्हशी सोडायच्या, भांडी माळ्यावर टाकायची, ट्रॅक्टरवर बसायचं. पण ते जाणं परत यायचं असायचं. हौसा निघताना भिंतीला हात लावून म्हणायची, "आलोच गं आम्ही." ह्या वेळी मात्र आम्ही घर कोरड्यात सोडलं. ऊस कमरेला आलता, आभाळ निरभ्र, नदी तळाला. म्हैस धाकट्या भावाच्या, दत्तूच्या दावणीला बांधली. त्यानं इचारलं, "दादा, पाणी न्हाय, काय न्हाय, मग कशाला जातायसा?" हौसा म्हणाली, "पोराला घर मिळंना झालंय." टेम्पोत बसली आन् त्या वेळी तिनं भिंतीला हात लावला न्हाय.

पोरगा म्हणजे सागर. एमआयडीसीत मशीनवर हाय. बसू म्हणजे त्याचा जोडीदार. निपाणीकडचा, दवाखान्यात ब्रदर म्हणून कामाला. नवरा-बायको ऱ्हातात तसे दोघं ऱ्हातात. हे सागरनं आमच्या सोप्यात बसून सांगितलं. मी वैरण घालायला उठलो. हौसानं येवढंच इचारलं, "वेळेवर जेवतोय का रं त्यो?"

त्यास्नी कोल्हापुरात कुणी खोली देईना. दोन बापय म्हटलं की एजंट म्हणायचा फॅमिली पायजे. एका ठिकाणी ऱ्हायले, शेजाऱ्यांनी कुजबुज केली, मालकानं सामान काढायला लावलं. सागर फोनवर रडला. हौसानं फोन माझ्या हातातनं घेतला. "फॅमिली पायजे व्हय त्यास्नी? मग आम्ही येतो की." झालं. अशानं आम्ही गाव सोडलं, दोन पोरांची फॅमिली व्हायला. कोल्हापूरच्या कडंला, उचगावात तात्यांना सांगितलं, आम्ही म्हातारा-म्हातारी, हा आमचा लेक आन् हा त्याचा दोस्त. दोस्तावर तात्यांनी भुवई उचलली, पण हौसाचं कुंकू बघून किल्ली दिली.

त्या दिवशी बोचक्यातनं तिनं पयलं काढलं ते पितळंचं ओवाळायचं ताट. लग्नाची जोडी पयल्यांदा घरात येताना सासू ओवाळती, तसं तिला दोघांस्नी उंबऱ्यावर ओवाळायचं होतं. निरांजन लावलं. दोघं उभे ऱ्हायले. तेवढ्यात तात्या अंगणात आले, पाण्याची टाकी दाखवायला. हौसानं घाईनं ताट फिरवून दाराच्या चौकटीलाच ओवाळलं. म्हणाली, "नव्या घराला ओवाळतो." ताट फळीवर ठेवलं. ते तिच्या मनात लई दिवस ऱ्हायलं. कधीमधी म्हणायची, "जोडीला ओवाळायचं ऱ्हायलं की वो."

उचगावात सुरुवातीला मला काय गोड लागलं न्हाय. गावात पहाटं म्हैस हंबरायची तवा जाग यायची, हितं शिफ्टच्या गाड्यांनी यायची. नदीला पोहत जायचा माणूस मी, हितं टाकी संपली तर बादली धरून बसायचो. गावात दार लावायचं ते फक्त कुत्र्यासाठी. हितं लॅच. दोनदा बाहेर अडकलो. पण संध्याकाळी बसू ड्युटीवरनं यायचा, हात धुवायचा आन् भाकरी थापायला बसायचा. हौसाला "अव्वा" म्हणायचा, त्याच्या भाषेत आईला तसं म्हणतात. त्याची भाकरी तिच्यापेक्षा पातळ व्हायची. ती डाफरायची, "मेल्या, कागद थापतोयस व्हय?" आन् दोन खायची. ही तीन वर्सं आता मला गावाइतकीच जुनी वाटतात.

गावात असताना तिची एक रीत होती. इलेक्शनला कुणीबी दारात येऊ दे, ती ओवाळायची. मत कुणाला ते पोटात. "आलेल्याला ओवाळलं म्हंजे त्याला दिलं असं न्हाय," म्हणायची. उचगावात तिनं त्यात भर घातली. टीव्हीवर ऐकलं होतं, असल्या जोड्यांच्या लग्नाचं कोर्टानं कायदे करणाऱ्यांवर सोडलं. ती म्हणाली, "मग कायदे करायला जाणारं दारात आल्यावर इचारायचं न्हाय तर कवा?" पेटलेलं निरांजन समोर असलं की उमेदवाराला पाठ फिरवता येत न्हाय. चार लोकं बघत असतात, अपशकुन होतो. म्हणून ती ताट हातात धरायची, फिरवायची न्हाय, आन् आधी इचारायची. पण तात्या अंगणात असायचे. म्हणून म्हणायची, "आमच्या वळखीत दोन पोरं हाईत..."

पयला तालेवार माणूस. त्यानं ऐकलं आन् मोठ्यानं हसला. "मावशी, ही थेरं मुंबैची. आपल्या मातीत असलं उगवत न्हाय."

"मातीत काय काय उगवतं ते शेतकऱ्याला इचारा," हौसा म्हणाली आन् ओवाळलं. रीत म्हणजे रीत. पण कुंकू लावताना बोट जरा दाबलंच.

दुसरा शिकलेला, तरणा. हळू आवाजात म्हणाला, "आजी, मी त्यांच्या बाजूनंच आहे. माणसानं कुणाबरोबर राहावं हा ज्याचा त्याचा हक्क आहे."

"मग संध्याकाळच्या सभेत बोलशीला?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. "निवडून आल्यावर बघू, आजी. आत्ता हा विषय नको."

रात्री जेवताना बसू म्हणाला, "अव्वा, निदान चांगलं तरी बोलला."

"कानात बोलला रं," ती म्हणाली. "तुझी खोली गेली ती काय कानात गेली व्हय?"

तिसऱ्या बाईला इचारायचं ऱ्हायलं.

तिची राख नृसिंहवाडीला संगमात सोडली. आमच्या गावापासनं हाकेवर. सगळी भावकी आलती. घाटावर सागर डोकं करायला बसला, आन् त्याच्या शेजारी बसू येऊन बसला. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. "ह्यो कोण लागतो?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "लेकच हाय. दुसरा. कर." न्हाव्यानं केलं. भावकीतली मागं सरकलेली माणसं मला दिसली.

बाराव्याला दत्तू उचगावला आला. जेवणं झाल्यावर म्हणाला, "दादा, वयनी होती तवर ठीक. आता चल घराकडं. म्हैस व्यायला झालीया. ह्या दोघांत तुझं काय काम? उद्या दुपारी गाडी आणतो." खोटं कशाला सांगू, म्हशीचं नाव काढल्यावर माझं मन गेलं. नदी दिसली, दावण दिसली. त्याच सांजच्याला तात्याबी आले. दोन्ही पोरांच्या तुळतुळीत डोक्यांकडं त्यांनी लई वेळ बघितलं. मग म्हणाले, "मामा, राग नको. बाईमाणूस होतं म्हणून फॅमिली होती. आता तीन बापय. आन् तुम्हीबी गावाला निघालाय म्हणे. महिनाअखेर बघा."

सागरनं तोंड धुतलं. बसूनं टोपलीतला पावटा काढला, तिनं सोललेला, वाळून गेलता. बारा दिवस तसाच पडून टणक झालता. भिजवून ठेवतो म्हणाला, उद्याला शिजंल. मी उद्या असंन का, हे त्यानं इचारलं न्हाय. सागरनंबी न्हाय. मीच माझी पिशवी भरली, आन् दाराला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हलगी वाजली. ती बाई आली. रिटायर मास्तरीण, मागं मोजकीच माणसं, पायात साधी चप्पल. तात्या अंगणात, त्यांची बायको दारात. मी फळीवरचं ताट काढलं. बसूनं वात करून दिली. "नगं," असं सागर म्हणाला न्हाय, पण तोंडावर तेच होतं. मी निरांजन लावलं आन् उंबऱ्यावर उभा ऱ्हायलो. बापय माणसाच्या हातात ताट बघून पोरीबाळी हसायला लागल्या.

मी ताट फिरवलं न्हाय. "बाई, ओवाळायच्या आधी इचारायचं हाय. ही माझ्या मंडळीची रीत." आन् वळखीतली पोरं वगैरे काय म्हणालो न्हाय. "ह्यो माझा लेक. ह्यो त्याचा जोडीदार. आन् मी. आमच्यात बाईमाणूस न्हाय आता. ह्याला तुम्ही फॅमिली म्हणशीला का न्हाय? कानात नगं. मोठ्यानं सांगा."

हलगीवाला थांबला. बाई पोरांकडं बघत ऱ्हायली, मग तात्यांकडं, मग माझ्याकडं. "मला असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं, मामा," म्हणाली. मग मान वर करून, गल्लीला ऐकू जाईल असं, "म्हणते. फॅमिलीच आहे. मी निवडून येईन का ते मला माहीत नाही. पण आज सभेत हे बोलणार."

मी ओवाळायला लागलो. तात्यांची मंडळी तरातरा आल्या. मला वाटलं आता ताट उडवतात. त्यांनी माझं मनगट धरलं. "मामा, उलटं फिरवतायसा. हौसाक्का बघत असतील तर काय म्हणतील? उजवीकडनं." आन् हात धरून फिरवून दिलं. तात्या अंगणात उभं ऱ्हाऊन बघत होते. बोलतील. मी हाय की हितं ऐकून घ्यायला.

हलगी पुढं गेली. मी दत्तूला फोन लावला, गाडी आणू नगंस म्हणालो. म्हैस व्याली की खरवस घेऊन ये, हितं पाच माणसं खातील, तात्यांचं धरून. मला गाव आठवणार. नदी तर मरंस्तोवर आठवणार. पण हौसा ज्या उंबऱ्यावर शेवटचं बसली, तो उंबरा हितं हाय.

निरांजन अजून तेवत होतं. मी दाराजवळची पिशवी आत सारली आन् दोघांस्नी हाक मारली. "हितं या. उंबऱ्यावर उभं ऱ्हावा. जोडीनं." अंगणात तात्या होतेच. मी दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, आन् ओवाळलं. उजवीकडनं.